मोजे घातलेल्या बाटल्या

"आधी नाक, मग तोंड. आणि सूनबाई, तू नाकावरच थांब."

मामंजी असं म्हणायचे आणि ग्लास माझ्या नाकाखाली धरायचे. तळघरात उतरताना जिन्याच्या वळणावर डोकं आपटू नये म्हणून खाली वाकले की अजून तो आवाज हटकून कानात येतो. मामंजी आमच्या हॉटेलचे मालक आणि गावभरात वाइनचे जाणकार. मी त्यांची थोरली सून, आणि दारूचा थेंब ओठाला लावायचा नाही हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. अशी मुलगी अशा घरात देताना माझ्या आईवडिलांच्या मनात काय होतं कोण जाणे. बहुधा मुलगा स्वयंपाक करतो एवढंच त्यांनी ऐकलं असावं.

माझे नेम बरेच आहेत. पहाटेची प्रार्थना आहे, माळ आहे. दुपारच्या जेवणापर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही हाही एक आहे. त्यामुळे दुपारनंतर मला जरा जास्तच काम पडतं. मी बोलतेही हळू. लोकांना वाटतं, बाई शांत आहे. देवाला खरं काय ते ठाऊक आहे, पण तो कुणाला सांगत नाही. म्हणून तर आमचं दोघांचं जमतं.

मामंजी गेल्यावर तळघर माझ्या धाकट्या दिरांकडे आलं. स्वयंपाकघर आधीपासूनच आमच्या ह्यांचं होतं आणि गल्ल्यावर सासूबाई होत्याच. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या भाऊजींकडे बोट दाखवून सांगत, "बापाचं नाक घेऊन जन्माला आलाय." नाक दिसायलाही बापासारखंच होतं, चांगलं ऐसपैस. लोकांचा लगेच विश्वास बसे.

मग त्या हिवाळ्यात भाऊजींना ताप आला. ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. नाक आपलं जागच्या जागी.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते एका टेबलावर. कुणा जोडप्याची लग्नाची तारीख होती, नवरोबांनी महागातली बाटली मागवली होती. भाऊजींनी बूच काढलं, थोडी ग्लासात ओतली, ग्लास फिरवला, डोळे मिटले, नाक आत घातलं आणि म्हणाले, "वा! एकदम खुललीय!" मी दोन टेबलं पलीकडून सूपच्या वाट्या नेत होते. मला तिथून ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. तळघरात पाणी शिरून खोके भिजले की येतो ना, तसा. बूच बिघडलेलं होतं. त्या बिचाऱ्या बाईंनी एक घोट घेतला आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाटलीच नव्हे, माणूसही चुकीचा निवडला असावा.

त्या संध्याकाळी मी तळघरात गेले. भाऊजी एका रिकाम्या पिंपावर बसले होते.

"भाऊजी, काल सूपमध्ये मीठ कसं होतं?"

"बरोबर होतं की."

"आणि वास?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे बघितलं.

"वहिनी, आईला सांगू नका."

"आईंना मी कधी काय सांगते? त्याच मला सांगतात."

"तिला बाबांचं एवढं एकच उरलंय," भाऊजी नाकाला हात लावून म्हणाले. "चष्मा मोडला, कोट दादानं जाळीत अडकवून फाडला. हे नाक तेवढं आहे."

डॉक्टर काय म्हणाले, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, येईल, किंवा येणार नाही. असं सांगायला माणूस इतकी वर्षं शिकतो!

"मग वाइन चाखता कशी?"

"चाखतच नाही. तोंडाजवळ नेतो आणि परत ठेवतो. एकदा घेतली होती, बरं झाल्यावर. आंबट पाणी लागलं, वहिनी. ज्या बाटलीवर बाबा अर्धा तास बोलायचे ती. तेव्हापासून धीर होत नाही."

एका माणसाचं दु:ख दारू पिता येत नाही हे आहे, आणि मी त्यावर हळहळते आहे, हे देवाला कसं समजावून सांगायचं याचाच मी विचार करत होते.

खरी अडचण होती मळेवालीची.

गावाबाहेरच्या टेकडीवर तिचा द्राक्षाचा मळा. बाई वयानं सासूबाईंएवढी, बोलायला त्यांच्या दुप्पट. एका रस्त्यावर एकाच हॉटेलला ती आपली वाइन देते, आणि दर वर्षी परीक्षा घेऊन देते. आधी बाटल्या पाठवते, लोकरीचे मोजे घालून. चिठ्ठी नाही, नाव नाही, मानेपर्यंत मोजा. आत कोणतं द्राक्ष आहे ते आपण ओळखायचं, प्रत्येकाबरोबर काय खायचं ते ठरवायचं, आणि हॉटेलच्या सुट्टीच्या दिवशी ती दुपारी जेवायला येणार. जेवण पटलं तर वर्षभर बाटल्या आपल्या. नाही पटलं तर समोरच्याच्या. समोरचा म्हणजे काचेच्या दारांचं ते नवीन हॉटेल, ज्याबद्दल मी दुपारनंतरच बोलते.

मोजे धुतलेले असतात असं आम्ही धरून चालतो.

"यंदा जर तिच्या बाटल्या गेल्या," सासूबाईंनी गल्ल्यावरून जाहीर केलं होतं, "तर तळघर बंद. बटाटे ठेवू तिथं. आणि तू भावाच्या हाताखाली भांडी घास."

भाऊजींना भांडी घासायची लाज नव्हती. पण बटाट्यांचं ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांनाच पोत्यात भरतंय.

"वहिनी," ते मला म्हणाले, "तुमचं नाक द्याल?"

मी रात्रीची माळ करताना देवाला विचारलं. नेम ओठांचा आहे, नाकाबद्दल काही ठरलं नव्हतं. तो नेहमीप्रमाणे गप्प राहिला. आमच्या घरात गप्प राहणं म्हणजे होकार अशी पद्धत आहे, ती मी त्याला लागू केली.

मग रोज सकाळी, प्रार्थना आटोपली आणि भाजी निवडायच्या आधी, आम्ही तळघरात बसू लागलो. भाऊजी थोडी थोडी ओतायचे, मी वास घ्यायचे आणि काय येतं ते सांगायचे. मामंजींनी नाकाखाली धरलेलं बरंच आठवत होतं, फक्त द्राक्षांची नावं विसरले होते. ती भाऊजी सांगायचे.

"हं, बोला."

"मामंजींचं कपाट. चामड्याचा पट्टा, तासलेली शिसपेन्सिल, आणि काळ्या फळांचा मुरंबा कुणीतरी आत विसरलंय."

"कॅबरने सॉव्हिन्यॉ. कशाबरोबर?"

"निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर. कोकराची तंगडी. घरातला थोरला माणूस आहे हा. ह्याच्यापुढं नाजूक काही ठेवलं की ते रडतं. माशाबरोबर तर नकोच. माशाबरोबर हे घेतलेलं गिऱ्हाईक किल्ली चोखल्यासारखं तोंड करतं, मी पाहिलंय."

भाऊजी हसले. तापानंतर पहिल्यांदाच हसले असावेत. हसू कुठं ठेवायचं ते त्यांना समजेना.

मेर्लो मला आवडलं. आलुबुखाराचा वास, मऊ, कुणाशीच न भांडणारं. आमच्या ह्यांच्यासारखं; ताटात काय आहे याच्याशी त्याला मतलब, कोण वाढतंय याच्याशी नाही. शिराझमध्ये काळी मिरी कुटल्यासारखं नाक चुरचुरलं आणि धुरावलेल्या सॉसेजची आठवण झाली. पिनो न्वारला चेरी, ओली पानं आणि पावसाळ्यातली अळंबी. ती घरातली लाडावलेली लेक, फार तापवली की रुसते, फार गार केली की बोलतच नाही. तिला बदक हवं, अळंबी हवी, आणि सगळं वेळेवर हवं. शार्दोने म्हणजे लोणी लावून भाजलेला पाव. निदान आमच्या तळघरातलं तरी. भाऊजी म्हणाले, लाकडी पिंपात ठेवलं की तसं होतं, नाहीतर ते नुसतं सफरचंद असतं. ज्या घरी जाईल त्या घरचा वास लागतो त्याला. मी म्हटलं, सून आहे म्हणा की.

सॉव्हिन्यॉ ब्लांला मात्र मी अडखळले.

"सांगा, लाजू नका," भाऊजी म्हणाले.

"नुकतं कापलेलं गवत."

"आणि?"

"आणि त्या गवतावर मांजर येऊन गेलंय."

"बरोब्बर!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "पुस्तकात असंच लिहितात, वहिनी. फक्त फ्रेंच करून लिहितात."

ते शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर जातं. मांजर आणि शेळी. मी देवाची क्षमा मागितली आणि पुढं गेले.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही सुचली नाही, आणि ती आमच्यासारख्यांनाच न सुचणारी होती. वाइन ओतत होता तो जिभेला लावायला घाबरत होता, आणि वास घेत होती तिला जीभ लावायची नव्हती. असे आम्ही दोघं, रोज सकाळी, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं, जेवणाबरोबर प्यायच्या वस्तूचा अभ्यास करत होतो, आणि ती तोंडात कुणीच घेत नव्हतं.

बाटल्या आल्या. तांबडे, राखी, एक पट्ट्यापट्ट्यांचा मोजा. मी एकेकीचा वास घेतला. गवत-मांजर लगेच कळलं. लोण्याचा पाव कळला. लाडकी लेक कळली. कपाटाला तर ओळखायला नाकही लागलं नसतं. एकीला मेंढीचा वास आला तेव्हा मी गोंधळले, पण तो मोज्याचा होता.

पट्ट्यापट्ट्यांच्या मोज्यातली बाटली राहिली. ती मी पूर्वी घेतलेल्या कशासारखीच नव्हती. मध होता, जर्दाळू होता, पांढरी फुलं होती, लिंबाची साल होती. आणि खोल कुठंतरी, म्हणजे मी नाक जवळजवळ बुडवलं तेव्हा, रॉकेल.

"रीस्लिंग," भाऊजी म्हणाले. "रॉकेल आलं म्हणजे तीच. बाबांना फार आवडायची, इथं मिळायची नाही. गोड आहे का?"

"मध येतोय की."

"नक्की?"

"मध कधी कडू असतो का, भाऊजी?"

झालं. मधाचा केक आणि शिजवलेली नाशपाती, शेवटी, रीस्लिंगबरोबर. भाऊजींनी तसं स्वयंपाकघरात सांगितलं, आणि आमच्या ह्यांनी तीनदा केक करून पाहिला; दोनदाचा आम्हीच खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, "बापाची आठवण झाली बघ," आणि डोळ्यांना पदर लावला. मी नाकाला लावला. मधाचा वास अजून नाकात बसला होता.

त्या दिवशी मळेवाली आली ती बुटांना चिखल घेऊनच. खिडकीपाशी बसली, रुमाल मांडीवर टाकला आणि म्हणाली, "चला. भूक लागलीय, गोडगोड बोलू नका."

भाऊजी ओतत होते, मी ताटल्या नेत होते. सासूबाई गल्ल्यावर, न उघडलेल्या गल्ल्यावर, सरळ बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ह्यांची टोपी दिसत होती. टोपी घाबरलेली होती.

शेळीचं चीज आणि सॉव्हिन्यॉ ब्लां: बाईनं मान हलवली. लोण्यातला मासा आणि शार्दोने: पावानं ताटली पुसून घेतली. बदक, अळंबी, पिनो न्वार: खाता खाता गुणगुणली. कोकरू आणि कॅबरने आलं तेव्हा तिनं कोपर टेबलावर टेकलं आणि भाऊजींना म्हणाली, "बापाची वाट सोडली नाहीस." सासूबाई इतक्या फुलल्या, की गल्ला पुढे सरकला.

मग केक आला.

बाईनं मोठा घास घेतला. त्यावर रीस्लिंगचा घोट घेतला. तिचा एक डोळा मिटला. मग दुसराही मिटला. मग तिनं रुमाल तोंडाला लावला, काही वेळ तसाच ठेवला, आणि विचारलं,

"हे कुणी ठरवलं?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"चाखून?"

भाऊजी बाटलीच्या मोज्याकडे बघत राहिले.

"अरे, चाखून का, असं विचारतेय. गोडावर ही दिलीस, म्हणजे व्हिनेगर प्यायला दिलंस मला. ही कोरडी आहे. हाडासारखी कोरडी. साखरेचा कण नाही हिच्यात, त्यासाठी मी उन्हाळाभर झोपले नाही."

मी हळूच म्हटलं, "वास मधाचा येत होता."

बाई माझ्याकडे वळली. "वास कुणी घेतला?"

"मी."

"आणि चाखली कुणी?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही म्हणजे?" हे गल्ल्यावरून आलं. सासूबाई उठल्या होत्या. "सूनबाई, कुणीच नाही म्हणजे काय? ह्याचं नाक काय करत होतं?"

आता मी काय सांगणार? खोटं बोलायचं नाही हा नेम मी घेतलेला नाही, तो जन्मतःच सगळ्यांना असतो आणि म्हणून कुणी पाळत नाही. मी तोंड उघडलं, पण भाऊजीच बोलले.

"आई, माझं नाक गेलंय. तापात. मला काही वास येत नाही. रोज सगळ्यांना फसवतोय."

खिडकीतली टोपी खाली गेली आणि परत वर आली. मला वाटलं, आता बटाटे.

सासूबाई चालत आल्या. भाऊजींच्या समोर उभ्या राहिल्या आणि वर बघून, कारण भाऊजी उंच आहेत, म्हणाल्या,

"म्हणून तू हिवाळाभर माझं सूप चांगलं झालंय म्हणत होतास होय?"

"आई, ते..."

"तुझ्या बापानं कधी म्हटलं नाही." त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं, हात सुधारला."

मळेवाली मोठ्यानं हसली. मग कुणी हसत नाहीये हे पाहून तिनं खुर्ची पायानं पुढं ढकलली. "बस," ती भाऊजींना म्हणाली. "आणि ही पी."

"मला काही कळणार नाही."

"नाक गेलंय, जीभ आहे ना जागेवर? पी म्हणते तर."

भाऊजींनी ग्लास उचलला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला. बराच वेळ गिळला नाही.

"आंबट," ते म्हणाले.

"आंबट काय, लोणचंही असतं. नीट सांग."

"चांगलं आंबट. दाताला कळ लागते आणि तोंडाला पाणी सुटतं. गोड नाही, अजिबात नाही. आणि..." त्यांनी आणखी एक घोट घेतला, ह्या वेळी न घाबरता. "मागून खारट येतं. ओल्या दगडासारखं. हलकी आहे, पण ढिली नाही. ताठ बसते."

त्यांच्या तोंडून हे येत होतं आणि मी थक्क होऊन ऐकत होते. त्यातलं एकही मला माहीत नव्हतं. इतके दिवस नाक घालून बसले होते, पण आंबट कळायला नाक कामाचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं.

"आता तू," बाई मला म्हणाली.

"मी पीत नाही."

"का? तब्येत?"

"देवाला शब्द दिलाय."

"देवाला काय आवडतं ते तुला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही. विचारून ठेवलंय," मी म्हटलं. "तोपर्यंत वास घेते."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ग्लास सरकवला. मी जे आलं ते सांगितलं: मध, जर्दाळू, फुलं, लिंबाची साल. शेवटचं सांगावं की नाही कळेना.

"आणि तळाशी रॉकेल."

"रॉकेल!" बाईनं टेबलावर अशी मूठ आपटली की केक उडाला. "म्हणतात, नवीन बाटलीत येत नाही. येतं! मी म्हणत होते, येतं!" तिनं डोळे पुसले. रॉकेलसाठी रडणारी बाई मी आधी पाहिली नव्हती. "बरं. आता ऐका. केक घेऊन जा. हिच्याबरोबर काय खायचं ते आणा. मी बसलेय."

भाऊजींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"मासा?" मी म्हटलं.

"मासा चालेल, पण हिला काहीतरी कापायला पाहिजे, वहिनी. एवढी धार आहे. स्निग्ध काहीतरी. चरबी."

"चरबी, आणि शेजारी फळ. जर्दाळूचा वास आहे तर फळाशी भांडणार नाही."

"पण फळ फार गोड नको."

"सफरचंद. शिजवलेलं, साखर न घालता."

"आणि चरबी?"

मला आठवलं. आमच्या ह्यांची एक सवय आहे: सगळ्यांचं जेवण झालं की स्वतःसाठी काय ठेवायचं ते ते सकाळीच ठरवतात आणि झाकून ठेवतात. मी स्वयंपाकघरात गेले. चुलीच्या मागच्या कोपऱ्यात झाकण होतं. खाली भाजलेल्या डुकराच्या मांसाचा काठाचा तुकडा, कातडी कुरकुरीत, चरबीचा पांढरा पट्टा बोटभर, आणि बाजूला आंबटसर सफरचंदं.

"अगं, ते माझं जेवण आहे," हे म्हणाले.

"होतं."

"सकाळपासून मी फक्त त्या झाकणाकडे बघत काम करतोय."

"केक आहे ना शिल्लक. मधाचा आहे, चांगला झालाय."

"तीन दिवस केकच खातोय मी!"

मी ताटली नेली. ते दारापर्यंत मागोमाग आले आणि तिथंच उभे राहिले. आपल्या जेवणाला निरोप द्यायला आल्यासारखे.

मळेवालीनं चरबीसकट तुकडा कापला, वर सफरचंद ठेवलं, खाल्लं. घोट घेतला. खाल्लं. घोट घेतला. ताटली रिकामी झाली तेव्हा कातडीचा शेवटचा कण बोटानं उचलून तोंडात टाकला, आणि ह्यांच्या तोंडून बारीक आवाज आला.

"माझा नियम आहे," ती शेवटी म्हणाली, "ठरवणारा माणूस एकच असावा. दहा तोंडं झाली की मी बाटल्या देत नाही." तिनं भाऊजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दोघं मिळून एकच होता. तोही जेमतेम. बाटल्या येतील."

सासूबाई खुर्चीत बसल्या. बटाट्यांचं कुणी काढलं नाही.

जाताना बाई दारात थांबली आणि भाऊजींना म्हणाली, "माझंही गेलं होतं, मागं. तेव्हा मीही फसवलं सगळ्यांना. मळा असून!"

"परत आलं?"

"बरंचसं. सगळं नाही. गुलाब अजून पोतेऱ्यासारखा येतो." ती बुटांवरचा चिखल आमच्या पायपुसण्यावर पुसू लागली, म्हणजे ज्या कामासाठी ते आहे ते शेवटी झालं. "रोज सकाळी वास घ्यायचा. लिंबू, लवंग, कॉफी, साबण, जे घरात असेल ते. काही येत नाही, तरी घ्यायचा. काय होतं ते आठवायचं आणि घ्यायचा. फार कंटाळा येतो. मूर्खासारखं वाटतं. येईलच असंही नाही."

"बघू," भाऊजी म्हणाले.

ते 'बघू' मला चांगलं ओळखीचं होतं. गळक्या नळाला आमच्या घरी तेच म्हणतात.

संध्याकाळी भांडी मीच घासली, भाऊजी पुसत होते. ग्लासांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, रोज बसून घेतलं, आणि नाहीच आलं तर?"

"तर माझं आहे."

"मग तेवढं पुरे की. आज जमलं. तुमचं नाक, माझी जीभ."

"मला काही हरकत नाही," मी म्हटलं. "पण मी काय सांगणार तुम्हाला? मध येतो, कपाट येतं. मामंजींच्या कोटाला कसला वास यायचा ते तुम्हाला ठाऊक, मला नाही. ते मी कुठून आणून देऊ?"

ते पुसत होते तो ग्लास आधीच कोरडा होता. तरी पुसत राहिले.

"भीती वाटते," ते म्हणाले. "न घेता बसलो तर म्हणता येतं, घेतला नाही म्हणून येत नाही."

"हो."

"घेतला आणि आला नाही, तर संपलंच."

देवाचं नाव घेऊन काहीतरी गोड बोलता आलं असतं, पण मधाच्या वासानं एकदा फसले होते.

"मला शब्द द्या," मी म्हटलं. "रोज घेईन म्हणून."

"देवासमोर वगैरे नको हं."

"त्याला मध्ये घालू नका, त्याच्याकडे माझीच कामं पडलीत. मला द्या."

त्यांनी ग्लास फळीवर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि ओला हात माझ्या ओल्या हातावर ठेवला. "दिला."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी खिडकीपाशी प्रार्थनेला बसले होते. डोळे मिटलेले होते, म्हणजे बहुतेक. जिन्यावर पाय वाजले, अगदी हळू, कुणाला जाग येऊ नये असे. खालच्या अंगणात भाऊजी आले. अंगावर कालचाच सदरा. सासूबाई लिमलेटच्या गोळ्या ठेवतात त्या छोट्या बरण्या त्यांनी छातीशी धरल्या होत्या, गोळ्या काढून, आत लिंबू, लवंग, कॉफी असलं काही भरून. त्या त्यांनी पायरीवर एका ओळीत मांडल्या, ओळ वाकडी वाटली म्हणून परत मांडल्या. मग खाली बसले, इकडेतिकडे बघितलं, वर मात्र बघितलं नाही, आणि पहिल्या बरणीचं झाकण फिरवायला लागले.